आमची फटफटी आणि तर्कशास्त्र

आमच्या घरी मोटारसायकलला मोटारसायकल असे कोणी म्हणत नाही. माय तिला 'फटफटी' म्हणते, अण्णा नुसते 'गाडी' म्हणतात आणि ज्या दिवशी ती सुरू होत नाही त्या दिवशी मी तिला जे म्हणतो, ते महाविद्यालयाच्या वार्षिकात छापण्याजोगे नाही. गाडी माझ्यापेक्षा वयाने मोठी आहे. शंभर सीसीची, फोर-स्ट्रोक, किक मारून सुरू करण्याची. टाकीवरचे कंपनीचे नाव धुऊन-पुसून केव्हाच नाहीसे झाले आहे, तेव्हा या लेखातही ते येणार नाही. शिवाय पुढे जे घडले त्यात कंपनीचा काही दोष नव्हता. दोष आमचाच होता.

आमच्या आजोबांच्या पिढीने राजदूत, जावा, येझदी आणि बुलेट पाहिल्या. 'फटफटी' हा शब्द त्या काळचा. गाडी दिसण्याआधी शिवेवरून तिचा आवाज यायचा म्हणून. १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली आणि कमी पेट्रोलवर चालणाऱ्या, कमी आवाजाच्या शंभर सीसीच्या गाड्या खेडोपाडी पोचल्या. दुधाचे कॅन, खताची पोती, शाळेची पोरे, आजारी माणसे, असे सगळे या गाड्यांनी वाहिले. आमची गाडी त्याच कुळातली. आवाज कमी झाला, पण मायने शब्द सोडला नाही.

आमचे गाव लोहारा तालुक्यातले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, त्यानंतर नव्या जागेवर वसवलेल्या गावांपैकी ते एक. जुन्या गावातल्या बोळांच्या जागी इथे सरळ आणि रुंद रस्ते आहेत. कुणी म्हणते यामुळे शेजार तुटला, कुणी म्हणते मोकळी हवा मिळाली. मी एवढेच सांगतो की बंद पडलेली फटफटी ढकलायला असे गाव दुसरे नाही.

अण्णांचा दिवस पहाटे चारला सुरू होतो. दोन म्हशींचे दूध आणि शेजारच्या दोन घरांचे दूध, असे दोन कॅन गाडीला लावायचे आणि चार किलोमीटरवरच्या संकलन केंद्रावर सव्वासातच्या आत पोचायचे. सव्वासातला काटा बंद होतो. मी पांघरुणात असायचो. बाहेर किकचा आवाज यायचा. एक, दोन, कधी तीन. मग गाडी खोकल्यासारखी करून सुरू व्हायची आणि लांब लांब जायची. कोंबडा आरवावा तसा तो आवाज माझ्या लेखी पहाटेचाच एक भाग होता. त्यामागे काही करावे लागते हे माझ्या कधी ध्यानातच आले नाही.

गेल्या कार्तिकात अण्णा गोठ्यात घसरून पडले आणि उजव्या पायाचे हाड मोडले. पाय प्लास्टरमध्ये गेला. तीनएक आठवडे चुलत्यांनी त्यांच्या गाडीवरून दूध नेले आणि आमची फटफटी ओसरीला टेकून उभी राहिली. पुढे चुलत्यांची ऊसतोड आली आणि दूध माझ्याकडे आले. आठची एस. टी. पकडून कॉलेजला जायचे, त्याआधी दूध घालून यायचे. यात अवघड ते काय, असे मला वाटले.

पहिल्या सकाळी मी चाळीस किका मारल्या. मोजल्या म्हणून सांगतो. आमचा भाग बालाघाटच्या पठाराचा. मार्गशीर्षात पहाटेचा पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो, पण विसाव्या किकेनंतर मला घाम फुटला होता. रागाने मी ॲक्सिलरेटर पिळून पिळून किक मारत होतो. गाडी हूं की चूं करीत नव्हती. सव्वासात वाजून गेले. मायने काही न बोलता कॅनमधले दूध पातेल्यात ओतले आणि चुलीवर चढवले. आठची एस. टी. माझ्या डोळ्यांदेखत गेली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी रुंद रस्त्यावर दोन मित्रांनी गाडी ढकलली तेव्हा ती सुरू झाली, पण ॲक्सिलरेटर सोडला की बंद. केंद्रावर पोचलो तेव्हा काटा झाकून ठेवलेला होता.

हे सगळे अण्णा ओसरीवरच्या बाजेवरून पाहत होते. ते मुळात कमी बोलतात. तिसऱ्या रात्री जेवताना म्हणाले, "म्हशी इकून टाकू. तुझं कालेज तरी बुडणार न्हाई."

माझी फी, पुस्तके आणि एस. टी.चा पास हे त्या म्हशींच्याच दुधावर चालते. हे त्यांना ठाऊक होते आणि मलाही. कॉलेज वाचवण्यासाठी म्हशी विकायच्या आणि म्हशी गेल्या की कॉलेज कशावर चालवायचे? पण ताटावर बसून हे बोलण्याची माझी हिंमत झाली नाही. माय तर भाकरी थापतच राहिली.

गाडी सुरू होत नाही ही वार्ता आमच्या रुंद रस्त्यांवरून गावभर गेली आणि सल्ले येऊ लागले. शेजारचे गुरुजी म्हणाले, प्लग बदल. ट्रॅक्टरवाला म्हणाला, पेट्रोल जास्त झालंय, कॉक बंद करून किक मार. मावसभाऊ म्हणाला, इंजिनच उतरलंय, आता काढून टाका. गल्लीतल्या एका आजीने लिंबू-मिरची आणून हँडलला बांधली. तिचा उपाय सगळ्यांत स्वस्त होता आणि त्याने बाकीच्यांच्या उपायांपेक्षा कमी काम केले असे मी म्हणणार नाही. प्लग मी काढून पाहिला होता. चाळीस किकांनंतरही तो कोरडा ठणठणीत होता. त्याची तार लावून तो इंजिनाच्या धातूला टेकवला आणि किक मारली तर निळी ठिणगी स्वच्छ दिसत होती. पण या दोन गोष्टींचा अर्थ काय, हे मला कळत नव्हते.

याच सुमारास आमच्या तर्कशास्त्राच्या तासाला जॉन स्टुअर्ट मिलच्या पद्धती चालू होत्या. १८४३ साली या इंग्रज तत्त्वज्ञाने आपल्या तर्कशास्त्रावरच्या ग्रंथात कारण शोधण्याच्या पाच पद्धती सांगितल्या. त्यांतली व्यतिरेक पद्धती अशी: दोन प्रसंग घ्या. एकात कार्य घडते, दुसऱ्यात घडत नाही. बाकी सगळे सारखे असून एकाच बाबतीत फरक असेल, तर त्या फरकातच कारण, किंवा कारणाचा काही भाग, दडलेला असतो. मी हे वहीत उतरवून घेतले, परीक्षेला येईल म्हणून खाली रेघ मारली आणि वही मिटली. फटफटीचा आणि मिलचा काही संबंध असेल असे स्वप्नातही आले नाही.

मग वेळा अमावस्या आली. धाराशिव-लातूरकडच्या वाचकांना सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगतो: या दिवशी आमच्याकडे सगळा गाव शेतात असतो. कडब्याची कोप करायची, पांडवांची पूजा करायची आणि आंबील, भज्जी, बाजरीचे उंडे असे आल्यागेल्याला आग्रहाने वाढायचे. अण्णांना बैलगाडीतून नेले. मी मागे राहिलो होतो, कारण आंबिलाचे बिंदगे घेऊन जायचे होते. दुपारी बाराचे ऊन गाडीवर चांगले दोन तास पडले होते. पायी निघण्याआधी सहज म्हणून किक मारली आणि तिसऱ्या किकेला गाडी सुरू झाली! ॲक्सिलरेटर धरून ठेवावा लागत होता, पण सुरू झाली. बिंदगे पुढ्यात धरून शेतात पोचलो तेव्हा चुलते म्हणाले, आजीच्या लिंबाला गुण आला म्हणायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी पुन्हा गार. मी ती दुपारी चालवत तालुक्याच्या गावी नेली. तिथे बाजारपेठेच्या टोकाला एक वयस्कर मिस्त्री आहेत. सगळे त्यांना चाचा म्हणतात. मी सकाळच्या चाळीस किकांचे पुराण सुरू केले. त्यांनी हात वर केला.

"सकाळचं सोडा. दुपारी चालू होती का?"

"होते. तिसऱ्या किकेला."

"प्लग ओला व्हता का कोरडा?"

"कोरडा. ठिणगीही होती."

"मग इंजिनला काय झालं न्हाई," चाचा म्हणाले आणि पान्हा घेऊन बसले.

दोन प्रश्नांत त्यांनी गुरुजी, ट्रॅक्टरवाला आणि मावसभाऊ यांना निकालात काढले होते. मी तिथेच ठोकळ्यावर बसून ते कसे झाले याचा विचार करू लागलो. सकाळची गाडी आणि दुपारची गाडी: प्लग तोच, ठिणगी तीच, पिस्टनचा दाब तोच, पेट्रोल तेच, किक मारणारा शहाणाही तोच. फरक फक्त उबेचा. म्हणजे कारण शोधायचे ते उबेने जे बदलते त्यात. इंजिन उतरले असते तर ते दुपारीही उतरलेलेच असते. मिलची व्यतिरेक पद्धती माझ्यासमोर ऑइलने माखलेली लुंगी नेसून बसली होती आणि मी आठवडाभर वही मिटून किका मारत होतो.

उबेने काय बदलते ते चाचांनी सांगितले. त्यात मी नंतर वाचून थोडी भर घातली. पेट्रोल द्रवरूपात जळत नाही, त्याची वाफ जळते. कार्ब्युरेटर ही गोठ्यात औषध मारण्याच्या जुन्या हातपंपासारखी वस्तू. हवा अरुंद नळीतून वेगाने जाते, तिथला दाब कमी होतो आणि बारीक भोकांतून पेट्रोल वर खेचले जाऊन फवारा होतो. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. पण गार इंजिनात त्या फवाऱ्यातला थोडाच भाग वाफ होतो, बाकीचा थेंबाथेंबाने नळीच्या गार भिंतींना चिकटून राहतो. ठिणगी पडते, पण तिच्यापुढे पेटण्याजोगे काही नसते. म्हणून गार असताना पेट्रोल नेहमीपेक्षा बरेच जास्त द्यावे लागते. दवाने ओलसर झालेल्या तुराट्या पेटवताना आपण काडी एकच लावतो, पण खाली चिपाडे जास्त घालतो, तसेच हे. ही जादा चिपाडे घालणारा खटका म्हणजे चोक. तो ओढला की कार्ब्युरेटरच्या तोंडावर एक पत्रा आडवा येतो, हवा अडते, ओढ वाढते आणि पेट्रोल जास्त येते. अशा वेळी ॲक्सिलरेटर पिळला तर ती ओढच कमी होते. म्हणजे मी रागाने जे करीत होतो ते नेमके उलटे होते. प्लग ओला निघाला असता तर गोष्ट वेगळी. मग पेट्रोल जादा झाले म्हणून कॉक बंद करून, चोक सोडून, ॲक्सिलरेटर पूर्ण उघडून किका मारायच्या असतात. ट्रॅक्टरवाल्याचा सल्ला खरा होता, फक्त तो दुसऱ्याच रोगावरचा होता.

चाचांनी कार्ब्युरेटरच्या तळाची वाटी उघडली. आत पिवळसर चिकट थर बसला होता आणि तळाशी गढूळपणा होता. गाडी तीन-चार आठवडे उभी राहिली की वाटीतल्या पेट्रोलचा हलका भाग उडून जातो आणि मागे चीक उरतो. त्यात आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आपल्याच उसाच्या मळीचे आणि रसाचे. इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते, आणि पाणी फार झाले की ते दोन्ही मिळून तळाशी बसतात. शिवाय इथेनॉलला जळायला हवा कमी लागते. निव्वळ इथेनॉलच्या एका ग्रॅमला सुमारे ९ ग्रॅम. जुन्या कार्ब्युरेटरची भोके ठरलेल्या मापाची असल्याने त्याला हे मिश्रण थोडे विरळ पडते. नवी गाडी ते स्वतः जुळवून घेते, जुन्या गाडीला ते जमत नाही. गाडी मंद चालताना ज्यातून पेट्रोल येते ते पायलट जेटचे केसाएवढे भोक त्या चिकाने अर्धे बुजले होते. ॲक्सिलरेटर सोडला की गाडी बंद पडायची ती यामुळे. चाचांनी वायरीतला तांब्याचा एक बारीक तंतू काढून ते मोकळे केले. "सुई घालायची न्हाई," म्हणाले, "भोक मोठं होतं, मग गाडी पेट्रोल पीत बसती."

मग त्यांनी कार्ब्युरेटरच्या बाजूला बोट ठेवले. चोकचा खटका मुळातूनच मोडलेला होता. मोडलेल्या जागी तेल आणि धूळ बसून काळी खपली झाली होती.

"हा कधी मोडला?"

"माहीत नाही," मी म्हणालो.

"चार-पाच वर्षं तरी झाली आसतील. मग इतकी वर्षं थंडीत चालू कशी व्हायची?"

याचे उत्तर मला देता आले नाही. मी पुन्हा मिलकडे वळलो. गाडी तीच, थंडी तीच, मोडलेला खटका तोच. अण्णांच्या हातून ती तीन किकांत सुरू व्हायची, माझ्या चाळीस किकांत नाही. बुजलेले जेट हा एक फरक होता खरा, पण तो महिन्याभरातला. आधीच्या चार-पाच हिवाळ्यांत चोकविना गाडी चालली ती कशावर? दोन प्रसंगांत उरलेला फरक एकच होता: अण्णा. आणि एकदम मला पहाटेचे एक दृश्य आठवले. खिडकीतून कितीदा तरी अर्धवट झोपेत पाहिलेले. अण्णा गाडीच्या बाजूला वाकलेले, बाजूचे झाकण काढलेले, आणि त्यांचा डावा तळहात आत कुठेतरी दाबून धरलेला. मला वाटायचे ते गाडी पुसत आहेत.

घरी आलो तेव्हा दिवेलागण झाली होती. मी अण्णांना विचारले, "तुम्ही सकाळी गाडीत हात घालून काय करायचा?"

"हवेचं तोंड दाबायचो. दोन किका चावी बंद ठेवून मारायच्या, मंग चावी चालू करून तिसरी. पेटली की हात हळूच काढायचा. एकदम काढला की बंद पडती."

"मग मला सांगितलं का नाही?"

अण्णांनी थोडा वेळ माझ्याकडे पाहिले. "तू कुठं इचारलंस?"

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. खरेच होते ते. मी गुरुजींना विचारले, ट्रॅक्टरवाल्याला विचारले, मावसभावाचे ऐकून घेतले, तालुक्याला जाऊन चाचांना विचारले. ज्या माणसाने ती गाडी रोज पहाटे सुरू केली होती तो दहा फुटांवर बाजेवर बसला होता आणि त्याला विचारावे असे मला सुचले नाही. मी बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, ते सातवी शिकलेले. हे कारण मी मनात कधी उच्चारले नव्हते, पण होते तेच. आणि त्यांनाही आपला तळहात म्हणजे काही सांगण्याजोगी विद्या आहे असे वाटले नसावे. म्हशी विकण्यापर्यंत गोष्ट गेली, पण आम्ही दोघे त्या दहा फुटांत एकमेकांशी बोललो नाही.

चाचांनी तारेचा आकडा वळवून चोकला नवा खटका करून दिला होता. पण दुसऱ्या दिवशी पहाटे मी तो वापरला नाही. अण्णांची बाज ओसरीच्या कडेला ओढली. मायने कंदिलासारखा मोबाइलचा उजेड धरला. मी झाकण काढले आणि हवेच्या तोंडावर तळहात ठेवला. ते तोंड गार होते. किक मारली की आतून तळहाताला ओढ लागते, वासरू बोट चोखते तशी. "चावी बंद," अण्णा म्हणाले. "आजून एक. आता चावी. मार." गाडी फटफटली. "हळू काढ. हळू. आँ, आसं." हात पूर्ण निघाला तरी गाडी चालूच राहिली. काटा बंद व्हायला पाऊण तास होता.

तर्कशास्त्राच्या तासाला सरांनी पुढे सांगितले की प्रत्यक्षात एका कार्यामागे अनेक कारणे मिसळलेली असतात आणि मिलच्या पद्धती तिथे अपुऱ्या पडतात. मला ते पटले. आमच्या गाडीत बुजलेले जेट होते, मोडलेला खटका होता, विरळ पेट्रोल होते आणि न विचारलेला एक प्रश्न होता. पहिल्या तिन्हींचा इलाज चाचांच्या दुकानात झाला.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-सहाचे नियम आले आणि नव्या मोटारसायकलींतून कार्ब्युरेटर जवळजवळ गेलाच. आता एक छोटा संवेदक इंजिन किती गार आहे हे मोजतो आणि त्या मापाने पेट्रोल आपोआप फवारले जाते. चोक नाही, खटका नाही, तळहात नाही. हे चांगलेच झाले. पण आपल्यापैकी अनेक जण अजून वडिलांच्या जुन्या गाडीवर कॉलेजला येतात. त्यांना माझे सांगणे एवढेच: थंडीत गाडी सुरू झाली नाही तर आधी प्लग ओला की कोरडा ते पाहा, चोक ओढा, ॲक्सिलरेटरला हात लावू नका. महिनाभर उभी ठेवायची असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून वाटी रिकामी करा. आणि एवढे करण्याआधी, ती गाडी इतकी वर्षे ज्याने सुरू केली त्याला एकदा विचारा.

अण्णांचे प्लास्टर निघाले आहे. किक मारणे मात्र त्या पायाला आता जमायचे नाही, असे डॉक्टर म्हणतात. म्हशी दोन्ही गोठ्यात आहेत. दूध मी घालतो आणि आठची एस. टी. मिळते, ज्या दिवशी मिळत नाही त्या दिवशी कारण वेगळे असते, आणि ते सरांना माहीत आहे.